तान्ह्या बाळासह मोटारीची सहल

रत्नागिरीच्या एका भगिनीनें या सदराकडे पुढील प्रश्न पाठविला आहे. घरांत पांच महिन्यांचें मूल आहे, दिरांची मोटार दारांत उभी आहे आणि थंडीचे दिवस सुरू झाले आहेत. एका रविवारीं सर्वांनीं मिळून गणपतीपुळें, मालगुंड व जयगड हीं तिन्ही स्थळें पाहून संध्याकाळीं परत यावें, असा बेत पुरुषमंडळींनीं केला आहे. उलट सासूबाईंचें म्हणणें असें कीं, वर्ष पुरें होईपर्यंत मूल गांवाबाहेर काढूंच नये. दोन्हीं पक्षांचा आग्रह सारखाच असल्यामुळें कोणाचें ऐकावें, असें त्या विचारतात. घरोघरीं मोटारी झाल्यापासून हा प्रश्न पुष्कळ कुटुंबांत निघतो. म्हणून उत्तर थोडें विस्तारानें देतों.

प्रथम सासूबाईंच्या आक्षेपाचा विचार करूं. आपल्या सोळा संस्कारांत निष्क्रमण नांवाचा एक संस्कार आहे. मनुस्मृतींत त्याला चौथा महिना सांगितला असून अन्नप्राशनास सहावा महिना सांगितला आहे. म्हणजे चौथ्या महिन्यानंतर मुलास घराबाहेर नेणें ही आजची टूम नव्हे. वडीलधाऱ्या स्त्रियांच्या म्हणण्यामागची काळजी मात्र खरी आहे. मूल अपुऱ्या दिवसांचें असेल, त्यास ताप, सर्दी वा जुलाब असतील, तर डॉक्टरांस विचारल्यावांचून निघूं नये. मूल सुदृढ असेल तर वर्षभर थांबण्याचें कारण नाहीं. परंतु निष्क्रमण म्हणजे मुलास सूर्यदर्शन घडवून सुखरूप घरीं आणणें. एका दिवसांत तीन गांवें पालथीं घालणें नव्हे.

आतां पुरुषमंडळींचा बेत पाहूं. रत्नागिरीहून आरे-वारेच्या सागरी रस्त्यानें गणपतीपुळें सुमारे २५ किलोमीटर आहे. वळणें व चढउतार लक्षांत घेतां, मूल बरोबर असतांना त्यास एक तास धरावा. मालगुंड, जेथें कवि केशवसुतांचें स्मारक आहे, तें पुळ्याच्या अगदीं जवळ. जयगड मात्र तेथून आणखी सुमारे २० किलोमीटर पुढें. जाऊन येऊन ९० किलोमीटरांहून अधिक, म्हणजे तीन तासांवर काळ गाडींतच जाईल. दर्शन, जेवण व किल्ला धरून सबंध दिवस मोडेल. मोठ्या माणसास हें कांहींच नाहीं. परंतु पांच महिन्यांचें मूल साधारणतः दोन तास जागें राहिलें कीं पुन्हां झोपेस येतें, आणि दर दोन-तीन तासांनीं त्यास दूध लागतें. त्याचा दिवस असा लहान लहान तुकड्यांचा असतो. शिवाय तान्ह्या मुलास गाडींतील आसनांत सलग दोन तासांहून अधिक ठेवूं नये असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. कारण अर्धवट बसल्या स्थितींत मान पुढें कलून श्वासास अडथळा येऊं शकतो.

तेव्हां त्या भगिनीस आमचें उत्तर असें कीं, सासूबाई व दीर या दोघांचाहि मान राखून घड्याळ मात्र बाळाचें पाळावें. त्यावरून नियम निघतो तो सोपा आहे: एका दिवशीं एकच स्थळ, तेंहि तासाभराच्या अंतरावरचें, आणि ऊन चढण्यापूर्वीं परत घरीं.

हा नियमहि पहिल्याच दिवशीं पुरा वापरूं नये. पहिल्या रविवारीं गांवांतल्या गांवांतच जावें. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १९१६ सालीं मृत्यु येईपर्यंत रत्नागिरींतच होता. त्याचा राजवाडा पाहावा आणि जवळच्या थिबा पॉइंटावरून भाट्याची खाडी पाहून अर्ध्या-पाऊण तासांत परतावें. एवढ्यांत मूल गाडींत झोपतें कीं रडतें, हें कळून येतें. दुसऱ्या खेपेस भाट्याचा पूल ओलांडून पांवसला जावें. अंतर सुमारे २० किलोमीटर. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिराचा परिसर शांत असून वृद्ध मंडळींसहि तें स्थान प्रिय आहे. हें साधलें म्हणजे तिसऱ्या खेपेस पुळें. जयगड पुढील वर्षासाठीं ठेवावा. पुळ्यास संकष्टी, विशेषतः अंगारकी, तसेंच दिवाळीच्या व नाताळच्या सुट्ट्या टाळून साधा वार निवडावा. गर्दींत मुलास धक्के बसतात व दुसऱ्यांचा खोकला-पडसें घरीं येतें.

घरांत खरा वाद पेटतो तो मुलानें कोठें बसावें यावरून. आजी म्हणतात, "माझ्या मांडीहून सुरक्षित जागा कोणती?" प्रेमाच्या दृष्टीनें हें खरें आहे, परंतु गणित तसें सांगत नाहीं. ताशीं ४० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदास सुमारे ११ मीटर. गाडी आदळून एक दशांश सेकंदांत थांबली, तर आंतील प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे अकरापट जोर येतो. सात किलोंचें मूल त्या क्षणीं पाऊणशें किलोंहून अधिक भारानें पुढें फेंकलें जातें. एवढें ओझें अकस्मात् हातांत धरून ठेवणें पहिलवानासहि शक्य नाहीं, मग आजींची काय कथा? म्हणून गाडींत बाळासाठीं चाइल्ड सीट असलीच पाहिजे. ती मागच्या बांकावर, मुलाचें तोंड गाडीच्या मागील बाजूस येईल अशी बसवावी. तान्ह्या मुलाचें डोकें त्याच्या लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असतें व मान कोंवळी असते. तोंड मागें असलें म्हणजे धक्का एकट्या मानेवर न येतां सबंध पाठीवर विभागला जातो. पुढच्या बांकासमोर एअरबॅग असते. ती फुगून आदळल्यास मुलाच्या जिवास धोका होतो, म्हणून असें आसन पुढें लावूं नये. पट्टा अंगालगत बसावा. दुपटें पट्ट्याखालीं गुंडाळूं नये, वरून पांघरावें. २०१९ सालच्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांतहि १४ वर्षांखालील मुलास पट्टा वा असें आसन न वापरतां नेणाऱ्यास एक हजार रुपये दंड सांगितला आहे. आजींनीं आसनाशेजारीं बसून बाळाचा हात धरावा. मूल ओळखीच्या स्पर्शानें व आवाजानेंच निवतें. तें फारच रडूं लागलें तर गाडी रस्त्याच्या कडेस सुरक्षित जागीं उभी करून मग त्यास उचलावें. धांवत्या गाडींत आसनांतून काढून पाजणें अगदीं वर्ज्य समजावें.

किती माणसांनीं जावें, हाहि प्रश्न आहे. रघुवंशांत दिलीप राजा राणीसह वसिष्ठाश्रमास निघतो, तेव्हां आश्रमास पीडा होऊं नये म्हणून मोजकाच परिवार बरोबर घेतो, आणि पोंचतांच प्रथम घोड्यांस विसांवा देण्यास सांगतो. चक्रवर्ती राजास जें समजलें तें आपण पांच जणांच्या गाडींत आठ जणांस कोंबतांना विसरूं नये. चालक, आई, बाळ, आजी व मदतीस आणखी एक, एवढी मंडळी पुरे. उरलेल्यांनीं दुसऱ्या रविवारीं जावें. त्यांत रुसण्यासारखें कांहीं नाहीं.

वेळेविषयीं. मुलास पाजून, ढेंकर काढून, थोड्या वेळानें निघावें. त्याची सकाळची पहिली झोप गाडींतच लागेल असें पाहावें. सातास निघालें तर आठास पुळें, साडेनवापर्यंत दर्शन व किनारा, आणि अकराच्या आंत घर. देवळांत पाळीपाळीनें जावें: आधीं आईनें, तोंपर्यंत आजींनीं बाळास सावलींत घेऊन बसावें. टेंकडीची प्रदक्षिणा ज्यांस घालावयाची त्यांनीं घालावी. पुळ्याचा समुद्र पोहणाऱ्यांसहि दगा देणारा आहे. मुलास लाटांजवळ नेऊं नये, दुरूनच दाखवावा. सहा महिन्यांखालील मुलाच्या त्वचेस उन्हाचीं मलमें न लावतां सावली, सुती झबलें व टोपडें यांवरच भिस्त ठेवावी. या वयांत आईच्या दुधावांचून दुसरें कांहीं, अगदीं पाणीहि, उन्हांतसुद्धां देऊं नये. पाणी प्यावें तें आईनें. बंद करून उन्हांत ठेवलेली मोटार दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनीं तापते. म्हणून "दोन मिनिटांचें काम" असलें तरी मुलास गाडींत एकटें ठेवूं नये. परततांना बसण्यापूर्वीं पट्ट्याच्या धातूच्या कडीस हात लावून पाहावा; ती चटका देण्याइतकी तापलेली असते.

बरोबर फार पसारा नको. डायपर, दोन झबलीं, दोन दुपटीं, पुसण्यास ओलीं फडकीं, मळके कपडे ठेवण्यास पिशवी, बाळाचीं चालू असलेलीं औषधें, आणि मोठ्यांसाठीं पाणी व कोरडा फराळ. ही पिशवी आदल्या रात्रींच भरावी. व ती आईनें भरूं नये, हें आग्रहानें सांगतों.

याचें कारण असें. बाळंतपणापासून जी चार भिंतींच्या आंत आहे, रात्रींच्या जागरणांनीं जी थकली आहे, तिला दोन घटका वारा मिळावा हा सहलीचा खरा हेतु. बाळास समुद्र व तळें सारखेंच. परंतु बेत पुरुषांनीं करावा, मान वडिलांचा राहावा आणि धांवपळ मात्र आईनें करावी, असें झालें तर ती घरींच बरी होती. म्हणून पिशवी काकांनीं भरावी, दूध पाजून झाल्यावर मूल आजींनीं घ्यावें, आणि किनाऱ्यावर अर्धा तास त्या माउलीस कोणीं हांक मारूं नये.

प्रश्न विचारणाऱ्या भगिनींनीं हें उत्तर स्वतः कोणास ऐकवूं नये. अंक दुपारच्या चहाच्या वेळीं ओसरीवर उघडा ठेवावा. मामंजी मोठ्यानें वाचतील, आणि मग बेत आपोआप लहान होईल.