ओट्याचं माप कोण घेणार?

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. 160 चौरस फुटांची खोली गेली, 500 चौरस फुटांचं घर आलं. आनंद व्हावा अशीच ही गोष्ट आहे. पण पुनर्विकासाची चर्चा निघाली की बोलणं चौरस फूट आणि बाजारभाव यांच्याभोवतीच फिरतं. स्वयंपाकाच्या ज्या कोपऱ्यात घरातल्या बायकांचं अर्धं आयुष्य गेलं, तो नव्या घरात कसा असावा, हे त्यांना विचारायचं राहूनच जातं.

वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग इथल्या मिळून 207 चाळी 1920 च्या दशकात उभ्या राहिल्या. एका चाळीत 80 खोल्या आणि प्रत्येक मजल्यावर सामाईक शौचालय. त्याच दशकात, 1926 मध्ये, जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की ही वास्तुरचनाकार कामगारांच्या घरांसाठी जेमतेम 70 चौरस फुटांचं स्वयंपाकघर आखत होती. रांधणारीची पावलं किती पडतात, कुठल्या कामाला किती वेळ जातो, याचा हिशेब तिने मांडला आणि मगच ओटा, फळ्या, खिडकी यांच्या जागा ठरवल्या. मुंबईत असा हिशेब कुणी केला नाही. एक खोली, कोपऱ्यात मोरी, बाकी तुमचं तुम्ही बघा.

आणि बायकांनी ते बघितलं. मोरीच्या कठड्यालगत पाण्याचं पिंप, शेजारी शेगडी, पुढे रॉकेलचा स्टो. भिंतीवर मांडणी, तिच्यात उतरंडीने लावलेले डबे. खाटेखाली ट्रंका आणि धान्य, वर पोटमाळा, त्यावर अंथरुणं, पापड-लोणच्यांच्या बरण्या आणि परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाला बसलेला मुलगा. पाहुणे आले की पुरुष मंडळी गॅलरीत झोपायची. सकाळी त्याच जमिनीवर कणीक मळली जायची, दुपारी मुलांच्या वह्या पसरायच्या आणि रात्री गाद्या.

या अडचणीच्या जागांनी शहराला जेवू घातलं. गावाकडून एकट्याने आलेल्या गिरणी कामगारांचं पोट खानावळवाल्या बायकांवर चालत होतं. त्या आपल्याच खोलीत रांधायच्या आणि पाळ्यांप्रमाणे पंगती उठवायच्या. त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्याआधी, 15 मार्च 1959 रोजी, गिरगावात सात गुजराती बायकांनी 80 रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली होती. लिज्जतचा जन्म तो.

या कर्तबगारीचं कौतुक करावं तेवढं थोडं. मात्र ‘आमच्या आयांनी दहा बाय सोळात संसार केले’ असं अभिमानाने सांगताना त्या आयांच्या छातीत गेलेला धूर आणि झिजलेले गुडघे विसरले जातात. निभावून नेणं ही त्यांची निवड नव्हती, दुसरी सोय नव्हती म्हणून त्यांनी ते केलं.

गॅस आला तेव्हा स्वयंपाक जमिनीवरून उठला. हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाली तर जमिनीलगत साचतो. त्यामुळे शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर ठेवणं भाग होतं. घरोघरी ओटे बांधले गेले, उभ्याने स्वयंपाक सुरू झाला. धूर गेला, वाकणं कमी झालं. हा बदल मोठाच होता.

तरी एक गोष्ट अडलीच. ओटा साधारण 32 ते 34 इंच उंच असतो. त्यावर परात ठेवली की हाताची पातळी आणखी वर जाते. भाकरी थापायला तळहाताचा दाब खांद्यातून यावा लागतो. कणीक मळणं, पुरणपोळी लाटणं यांचंही तेच. उंचीने बेताची असलेली बाई त्या ओट्यापुढे टाचा उचलून उभी राहते, नाहीतर परात घेऊन पुन्हा जमिनीवर बसते. गुडघे धरलेल्या साठीच्या बाईला तर दोन्ही जमत नाही. परातीपुरता ओट्याचा एक भाग पाच-सहा इंच खाली घेतला तर हा त्रास वाचेल. त्यासाठी फार खर्च येत नाही, बांधण्याआधी तो भाग आराखड्यात दाखवावा लागतो इतकंच.

राष्ट्रीय बांधकाम संहितेत स्वतंत्र स्वयंपाकघरासाठी किमान 5 चौरस मीटर जागा आणि 1.8 मीटर रुंदी सांगितली आहे. झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर 225 चौरस फुटांवरून 269 आणि पुढे 300 वर गेलं. एवढ्याशा घरात ओटा बहुधा बसायच्या खोलीच्याच एका भिंतीला लागतो आणि फोडणीचा ठसका थेट पाळण्यापर्यंत जातो. जागा वाढायला हवीच. पण आहे त्या जागेत ओट्यासमोर खिडकी असावी, मिक्सरचं बटण हाताशी असावं, भांडी घासायला आणि निथळायला कोपरा असावा, एवढं तरी मागता येतं.

पुनर्विकासाच्या सभेला बहुतेक घरांतून पुरुष जातात, सह्याही तेच करतात. तुमच्या सोसायटीचा आराखडा अजून मंजूर व्हायचा असेल, तर सही करण्याआधी तो घरात जो कोणी रोज रांधतो त्याच्यापुढे पसरा. ओट्याची उंची, खिडकीची जागा आणि मोरीचा उतार त्याला ठरवू द्या आणि ती मापं करारात लिहून घ्या.