राजीनाम्याचा कागद पुढे करू नका

मानसिक आजारातून सावरणाऱ्या माणसाची नोकरी बहुधा भांडण होऊन जात नाही, गोडीगुलाबीने जाते. औषधं सुरू होऊन जेमतेम दोन-तीन आठवडे झालेले असतात, माणूस अजून ग्लानीत असतो. कचेरीतून कोणीतरी घरी येतं, ‘आधी तब्येत सांभाळा, नोकरीचं नंतर बघू’ म्हणतं आणि सही घेऊन जातं. कागदावर लिहिलेलं असतं ‘वैयक्तिक कारणास्तव’. घरचेही अडवत नाहीत. चार लोकांत आजाराचं नाव फुटण्यापेक्षा नोकरी गेलेली बरी, असं त्यांना त्या दिवशी मनापासून वाटत असतं.

आमचं म्हणणं एवढंच आहे की ती सही होऊ देऊ नका. आजारपणात राजीनामा मागू नका, देऊ नका, घरच्या माणसाला देऊ देऊ नका. वैद्यकीय रजा घ्या, ती संपली तर बिनपगारी घ्या, पण जागा सोडू नका. एकदा बाहेर पडलेल्या माणसाला पुढच्या प्रत्येक मुलाखतीत ‘मधली दोन वर्षं काय करत होतात?’ या प्रश्नाला तोंड द्यावं लागतं. खरं सांगावं तर नोकरी मिळत नाही, खोटं सांगावं तर मिळालेली नोकरी धास्तीत काढावी लागते.

कायदा या बाबतीत आपल्याला वाटतो त्याहून पुढे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे आणि त्यातल्या 21 प्रकारांत मानसिक आजारही येतो. सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. डिसेंबर 2021 मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आजारी कर्मचाऱ्यावरची शिस्तभंगाची कारवाई हा भेदभाव ठरवला. खाजगी कारखान्यात कर्मचारी राज्य विमा योजना लागू असेल, तर तिच्या दीर्घ आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनियाही आहे. अटी पूर्ण होत असतील तर वेतनाच्या 80 टक्के भत्ता जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. राजीनामा देण्याआधी निदान एवढी चौकशी तरी करा.

आता आपल्यातल्या भल्या माणसांविषयी. ‘त्याला कामाचा ताण नको, घरी आराम करू दे’ हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं आणि नुकसान करतं. घरी आराम म्हणजे काय? दुपारपर्यंत झोप, मग टीव्ही, मग आईचं ‘गोळी घेतलीस का?’. अंघोळ करायला काही निमित्त उरत नाही. चहाचे पैसेसुद्धा वडिलांकडे मागायचे, तेही चाळिशीत. स्वमदत गटांत आजारी माणसाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. अशा गटात एखादा शुभार्थी पहिला पगार झाल्याचं सांगतो, तेव्हा सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघावं. काम झेपेल इतकंच असावं, हे कबूल. पण ते असावं.

आणि झेपेल असं करायला फार काही लागत नाही. रात्रीच्या गोळीची सुस्ती सकाळी उतरत नाही, म्हणून सातऐवजी दहाची वेळ द्या. रात्रपाळी नको. बायपोलर आजारात झोप मोडली की आजार उसळतो. ओपीडीच्या दिवशी अर्धी रजा कुरकुर न करता द्या. सूचना एकाच साहेबाने द्याव्यात, शक्यतो लिहून. लिथियमने हात थरथरतात, त्यावर विनोद नकोत. विनोदांचं म्हणाल तर पुण्यात येरवडा, मुंबईत ठाणे, कोकणात रत्नागिरी, या गावांची नावं आपण शिवीसारखी वापरतो. शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस तिथल्या मनोरुग्णालयातूनच बरा होऊन आलेला असू शकतो.

ज्यांची नोकरी आधीच गेली आहे, त्यांना आपण काय देतो? पणत्या रंगवणं, मेणबत्त्या, कागदी पिशव्या. आजारातून नुकतं उठताना हे ठीक आहे. बसण्याची, वेळेवर येण्याची सवय लागते. पण बी.कॉम. झालेल्या माणसाने दहा वर्षं पिशव्याच चिकटवायच्या, हे मला पटत नाही. आधी खूप प्रशिक्षण आणि मग कधीतरी नोकरी, असा आपला क्रम असतो. अमेरिकेत 1990 च्या दशकात एक उलटी पद्धत रुजली. माणसाला त्याच्या आवडीच्या खऱ्या नोकरीत आधी लावायचं आणि शिकवणं, सोबत, मालकाशी बोलणं हे सगळं नोकरी चालू असताना करायचं. या मार्गाने कितीतरी जास्त लोक कामाला लागतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसून आलं आहे. आपल्याकडे तेवढे प्रशिक्षित सोबती नाहीत, म्हणून ती जागा निवृत्त बँक कर्मचारी, शिक्षक, कामगार संघटनेतले जुने कार्यकर्ते भरून काढू शकतात. आठवड्यातून एकदा कामाच्या ठिकाणी जाऊन चौकशी करणारा एक माणूस एवढीच गरज असते.

तेव्हा तुमचं दुकान असेल, छापखाना असेल, सीएचं ऑफिस असेल, पतसंस्था असेल, तर दिवसाला चार तासांची एक जागा काढा. तीन महिन्यांच्या बोलीवर, पण बाकीच्यांना जो दर आहे त्याच दराने. जवळच्या स्वमदत गटाला किंवा मानसोपचार तज्ज्ञांना तसं कळवा. संघटनेत असाल तर पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा मुद्दा घालायला सांगा. कर्मचारी विभागात असाल आणि वीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील, तर कायद्याप्रमाणे तुमच्याकडे समान संधीचं लेखी धोरण असायला हवं. ते काढून वाचा, नसेल तर लिहायला घ्या, आणि त्यात एक ओळ स्पष्ट घाला की वैद्यकीय रजेवर असलेल्या कर्मचाऱ्याचा राजीनामा तो कामावर परत येईपर्यंत स्वीकारला जाणार नाही.