कल्पनाला हुतात्मा करू नका

मी राई गावची. भाईंदर पश्चिमेच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. अंतराळवीर कल्पना चावलावरची भाषणं दर वर्षी ऐकते आणि बहुतेक भाषणं एकाच वाक्यापाशी येतात: स्वप्नासाठी तिने प्राण दिले. हे वाक्य शाळांतून हद्दपार व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

कारण ते घरोघरी पोचतं. मुलीने विमानशास्त्र शिकायचं म्हटलं की आजी म्हणते, "बाय, त्या कल्पनाचा काय झाला, म्हाईत हाय ना?" आजीची काळजी खरी आहे. तिच्यापर्यंत गोष्टच अर्धी गेली आहे.

कल्पनाला घेऊन कोलंबिया यान १६ जानेवारी २००३ रोजी उडालं. ८२ सेकंदांच्या आसपास बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा जेमतेम पाऊण किलोचा तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. पंखाला काय झालंय ते कळावं म्हणून कक्षेतल्या यानाची छायाचित्रं मिळवा, असं नासाचेच अभियंते सांगत होते. वरिष्ठांनी ते पुढे जाऊ दिलं नाही. १ फेब्रुवारीला परतताना तापलेली हवा पंखाला पडलेल्या भगदाडातून आत शिरली आणि उतरायला सोळा मिनिटं उरली असताना यान तुटलं. सातही जण गेले. फोमइतकीच संस्थेची कामाची रीत जबाबदार आहे, असं चौकशी मंडळाने त्याच वर्षी लिहून ठेवलं. ज्या मृत्यूला कारणं आहेत, त्याला बलिदान म्हटलं की ती कारणं विचारायची राहून जातात.

आणि तिचं जगणं? कर्नालची ही मुलगी चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजातून १९८२ साली विमानशास्त्राची पदवीधर झाली. पुढे टेक्सासमध्ये आणि मग कोलोरॅडोत शिकून १९८८ साली तिने पीएच.डी. घेतली. विमानाभोवती हवा कशी वाहते याचं गणित संगणकावर मांडणं, हे तिचं काम. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते तिचं १९९७चं अंतराळ उड्डाण. यांत्रिक हाताने तिने स्पार्टन नावाचा उपग्रह सोडला आणि तो भरकटला. दोन सहकाऱ्यांना यानाबाहेर जाऊन तो हातांनी धरावा लागला. बोट तिच्याकडे दाखवलं गेलं. चौकशीत मात्र दोष सॉफ्टवेअरमध्ये आणि ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीत निघाला. ती कामाला लागली आणि पुन्हा उडाली. प्रयोग फसला म्हणून वही मिटणाऱ्या माझ्या मुलींना ही गोष्ट हवी आहे, हार घातलेला फोटो नको.

तिच्या नावाचं एक काम तर थेट आमच्या डोक्यावर होतं. १२ सप्टेंबर २००२ रोजी इस्रोने सोडलेल्या मेटसॅट या हवामान उपग्रहाला ५ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना-१ हे नाव दिलं गेलं. ढगांची आणि हवेतल्या बाष्पाची चित्रं तो पाठवायचा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हाही तो वर होता. माझे वडील मिठागरात राबायचे. अवकाळीची एक सर आली की वाफ्यातलं तयार मीठ विरघळायचं. उत्तनला वलांडीवर बोंबील वाळत असताना आभाळाकडे कसं बघतात, हे इथल्या कुणालाही विचारा. उपग्रहाची चित्रं वाचणं हे आमच्या गावांत पोटापाण्याचं शिक्षण आहे, आणि ते कुणी शिकवत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. येत्या १ फेब्रुवारीला भाषणं बंद ठेवा. आठवी ते दहावीच्या वर्गांत अरबी समुद्रावरच्या ढगांचं चित्र लावा आणि मुलींना ते वाचायला शिकवा. दुसऱ्या तासाला फोमची गोष्ट सांगा, त्या अभियंत्यांच्या मागणीसकट. त्या तासाला आयांना आणि आज्यांनाही वर्गात बसवा.