जिना बसचा होता

व्यायामाचे, मिताहाराचे किंवा पहाटे उठण्याचे आम्ही वैरी नाही, हे प्रारंभीच सांगून टाकलेले बरे. कारण ज्या विद्वान गृहस्थांच्या व्याख्यानामुळे आम्हांस लेखणी हाती घ्यावी लागली, त्यांनी आपल्याशी मतभेद असणारा मनुष्य आळशी तरी असला पाहिजे किंवा व्यसनी तरी, असा समज भर सभेत बोलून दाखविला. त्यांचा पूर्वपक्ष थोडक्यात असा: आरोग्य ही ज्याची त्याची खासगी मिळकत, ती जो उधळतो तो आजारी पडतो, सबब धंदा आणि व्याधी यांचा संबंध शोधीत वर्षानुवर्षे चालणारे संशोधन हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय होय, आणि रोज चालावे, बेताने खावे, चाळिशी उलटली की रक्त तपासून घ्यावे, यापलीकडे प्रतिबंधाचे शास्त्रच नाही. अनुवंशाचाही मुद्दा त्यांनी काढला. पूर्वज बदलता येत नाहीत, कामाचे तास बदलता येतात, एवढे उत्तर त्याला पुरेसे आहे.

परंतु ज्या दाखल्यावर त्यांनी सारी इमारत उभारली, तो मात्र इतक्या सहजासहजी सोडून देण्यासारखा नाही. लंडनमधील दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी करून जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली असे दाखवून दिले की, दिवसभर चाकापाशी बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी जडतो, जडलाच तर उशिरा जडतो, आणि जडल्यावरही तितकासा प्राणघातक ठरत नाही. हे सांगून वक्त्यांनी विजयी मुद्रेने निष्कर्ष काढला की, पाहा, जो चालतो तो जगतो! आमचा प्रश्न एवढाच आहे की, तो कंडक्टर जिना चढत होता तो कशासाठी? कोणा वैद्याने सांगितले म्हणून नव्हे, प्रकृतीची काळजी वाहून नव्हे, तर वरच्या मजल्यावरील उतारूंना तिकिटे द्यावयाची होती म्हणून. आणि ड्रायव्हर बसून होता तोही आळसाने नव्हे, तर त्याने चाक सोडले असते तर गाडीतील सर्वांचे प्राण गेले असते म्हणून. एकाचे हृदय राखले गेले आणि दुसऱ्याचे झिजले, यात दोघांपैकी कोणाचाही गुण किंवा कसूर काय? जिना बसचा होता. जो पुरावा मनुष्याच्या कामाच्या रचनेविषयी बोलतो, त्याच्याकडून मनुष्याच्या चारित्र्याविषयी साक्ष काढून घेणे हा साक्षीदारावर जुलूम आहे. आणखी असे की, ज्या जातीच्या संशोधनाला हे गृहस्थ अपव्यय म्हणतात, त्याच संशोधनाने त्यांना हा एकुलता एक पुरावा पुरविला!

बरे, त्या संशोधकांनी तरी तेवढ्यावर समाधान मानले काय? नाही. त्यांनी पुढे याच नोकरांच्या गणवेशांच्या मापांचे दफ्तर तपासले, आणि १९५६ साली आपण होऊन प्रसिद्ध केले की, ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर तरुण वयापासूनच कंडक्टरांहून मोठी असते. म्हणजे दोघांतील सगळाच फरक नोकरीने घडविला असे म्हणता येणार नाही. स्वतःच्याच सिद्धान्तावर अशी माप-पट्टी घेऊन तुटून पडणे यालाच आम्ही शास्त्र म्हणतो, आणि व्याख्यानात आम्हांस नेमके तेच आढळले नाही.

याच प्रकारचा एक वाद आम्ही फार वर्षांपूर्वी एका परिसंवादात घातला होता. कापसाच्या धुळीने गिरणीकामगाराची छाती भरते, असे म्हणताच समोरून उत्तर आले, ‘तो विडी ओढतो.’ विडीची तरफदारी आम्ही तेव्हाही केली नाही. पण ही व्याधी जडलेल्या कामगाराची छाती आवळते ती विशेषेकरून सोमवारी, सुट्टीनंतर पुन्हा खात्यात पाऊल टाकल्यावर. मुंबईच्या गिरणीकामगाराला रविवारची सुट्टी मिळाली १८९० साली. विडीला तशी सुट्टी कोणीच दिली नव्हती, ती रविवारीही ओढली जातच होती. मग सोमवारचा दोष विडीकडे कसा जातो? त्या दिवशी याचे उत्तर मिळाले नाही, आणि अजूनही मिळालेले नाही.

धुळीचा कणही नसलेल्या कचेऱ्यांतील हिशेब याहून निराळा निघत नाही. १९६७ साली सुरू झालेल्या व्हाइटहॉल पाहणीत लंडनच्या सुमारे अठरा हजार सरकारी नोकरांचा माग ठेवला गेला, तेव्हा तळच्या पायरीवरील शिपायांचे मृत्युमान शिखरावरील अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट आढळले. आणि धूम्रपान, रक्तदाब, रक्तातील चरबी या सर्वांची वजावाट करूनही हृदयविकारातील या तफावतीचा जेमतेम तिसरा हिस्सा उलगडला. तो हिस्सा आम्ही आनंदाने प्रतिपक्षाच्या पदरात घालतो. उरलेल्या दोहोंचा जबाब त्यांनी द्यावा.

ड्रायव्हर-कंडक्टरांच्या कमरेच्या मापातील फरक नोकरीच्या आधीचा असेल, तर कारणही नोकरीच्या आधी शोधले पाहिजे, आणि ते शोधणारे आपल्याजवळच आहेत. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात असे दिसून आले की, गर्भारपणी शेतातील कष्ट आणि पाणी भरणे ज्या मातांच्या वाट्यास अधिक आले, त्यांची बालके जन्मतः अधिक लहान होती. आणि तेथील बालके वजनाने हलकी, स्नायूंनी कृश, तरी चरबी राखून असलेली अशी जन्मास येत, ज्यांना पुढे मधुमेहाचे भय अधिक. आता या बालकाने चाळिशीला रक्त तपासून घ्यावे, हा उपदेश चाळीस वर्षे उशिरा पोहोचतो. तो हंडा विहिरीवरून कोणाच्या कमरेवर आला, हे आधी विचारावयास हवे होते.

आणि ज्यांना विश्रांतीचा उपदेश ऐकण्याचीही मुभा नाही त्यांचे काय? ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस पडून राहिले की खाडा, आणि खाड्याचा दंड. पाळीच्या दुखण्याने खाडा पडू नये म्हणून गर्भाशयच काढून टाकलेल्या बायकांचा प्रश्न बीड जिल्ह्यात ऐरणीवर आला, आणि २०१९ साली शासनाच्या समितीपुढे अशा शस्त्रक्रिया झालेल्या ऊसतोड बायकांची संख्या तेरा हजारांवर निघाली. या बायकांना पहाटे उठण्याचे महत्त्व कोणी समजावून सांगावे? त्या मध्यरात्रीच उठलेल्या असतात.

आमचे मंडन फार मोठे नाही. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या व्याधींवर ग्रंथ लिहिताना सांगितले की, रोग्याला विचारावयाच्या प्रश्नांत ‘तू काम काय करतोस?’ हा एक प्रश्न घाला. तो आमच्या सरकारी दवाखान्यांच्या केसपेपरावर ठळक रकान्याने छापला जावा आणि भरला जावा. गर्भार बाईच्या दारात नळ यावा. आणि तोडीच्या करारात एक कलम असावे की, पाळीचे, गर्भारपणाचे आणि बाळंतपणाचे दिवस खाड्यात धरले जाणार नाहीत, त्यांचा पैसा उचलीतून कापला जाणार नाही, आणि त्या दिवसांचा भार मुकादमाने नव्हे, कारखान्याने सोसावा. या कलमाचा मसुदा करण्यास आम्ही केव्हाही तयार आहो. त्या गृहस्थांनी फक्त पुढच्या व्याख्यानाचे श्रोते बदलावेत आणि ते कारखानदारांपुढे द्यावे.