पालखी रस्त्याने, पिशवी नदीने

आपण पुणेकर मोठे भाविक. ज्येष्ठ-आषाढात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या गावात मुक्कामाला येतात, तेव्हा आपण वारकऱ्यांना चहा-फराळ देतो, पादुकांवर डोके टेकतो आणि पालख्या पंढरीच्या वाटेला लागल्या, की कृतार्थ होऊन घरी परततो. पण याच गावातून पंढरीच्या दिशेने आणखी एक दिंडी बारा महिने चाललेली असते. ती मुठेतून निघते.

मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला, आणि उजनीच्या धरणातून उतरलेली तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा म्हणवते. पुलावरून भिरकावलेली निर्माल्याची प्लॅस्टिकची पिशवी हीच वाट धरते. काही पिशव्या काठच्या बाभळींना लोंबतात, काही गाळात रुततात. उरलेल्यांच्या उन्हापाण्याने चिंध्या होतात, चिंध्यांचा भुगा होतो. माती मात्र होत नाही.

निर्माल्य पाण्यात सोडावे अशी रूढी आहे, असे कोणी म्हणेल. आहे ना! पण रूढी पडली तेव्हा निर्माल्य म्हणजे फुले, दूर्वा, बेलाची पाने. ती कुजून विरून जात. पिशवीला कोणत्या शास्त्राचा आधार? देवाला आपण पिशवीसकट फूल वाहत नाही. मग नदीलाच का?

दुसरा विचारील, सरकार काय करते? सरकारने २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या कित्येक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. पुलांच्या कठड्यांवर उंच जाळ्याही बसल्या. विद्येच्या माहेरघरात माणसांपासून वाचवण्यासाठी नदीला पिंजरा करावा लागावा, याची आम्हांला शरम वाटायला हवी होती. आम्ही काय केले? जाळीवरून पिशवी नेमकी पलीकडे टाकण्याचे कसब कमावले! आणि वर बोट दाखवायचे ते नदीकाठच्या गरीब वस्तीकडे. पुलावर मोटार थांबवून, पिशवी फेकून, पाण्याला नमस्कार करणारा गृहस्थ त्या वस्तीतला नसतो.

दिवाळीचे झेंडू उद्या सुकतील. ते कुंडीत पुरावेत, त्यांचे खत होते. एवढेही जमणार नसेल, तर पुढच्या वर्षी पादुकांवर डोके टेकण्यापूर्वी मनाशी एक हिशेब करावा: हे वारकरी ज्या चंद्रभागेत स्नानाला उतरणार, तिच्यात आपण वर्षभर वरून काय सोडले?