पाहुणा आणि रहिवासी



परदेशी स्थायिक होण्याचा विचार आता आपल्या गावांतील घराघरांत शिरला आहे. पूर्वी घरचा कर्ता पुरुष एकटाच बोटीवर किंवा आखातात जात असे आणि बायकामुले मागे राहत असत. आजची तरुण जोडपी वेगळा प्रश्न विचारतात. ती म्हणतात, "फादर, आम्ही मुलांना घेऊन पर्यटक व्हिसावर जातो. देश आवडला, काम मिळाले, तर तेथेच राहून कागदपत्रे करून घेतो. आमच्या चुलत्यांनी लिस्बनमध्ये असेच केले." हा प्रश्न मुळीच उथळ नाही. कुटुंबाने एकत्र राहावे ही इच्छा त्याच्या मुळाशी आहे, आणि ती इच्छा पवित्र आहे. म्हणूनच त्याचे उत्तर विचारपूर्वक दिले पाहिजे.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, पर्यटक व्हिसा ही पाहुण्याला दिलेली परवानगी होय. पोर्तुगाल ज्या शेंगेन देशसमूहात मोडतो, तेथे असा पाहुणा कोणत्याही १८० दिवसांच्या काळात फार तर ९० दिवस राहू शकतो. ही मोजणी साऱ्या देशसमूहाची मिळून होते. लिस्बनहून पॅरिसला गेल्याने ती नव्याने सुरू होत नाही. या काळात त्याला नोकरी करता येत नाही. कायमच्या वास्तव्यासाठी निराळा व्हिसा असतो. तो आपल्याच देशातून अर्ज करून घ्यावा लागतो, आणि त्यावर तेथे पोहोचल्यानंतर वास्तव्य परवाना मिळतो.

मग चुलत्यांना जमले ते कसे? ते खोटे बोलत नाहीत. पोर्तुगालच्या परकीय नागरिकांविषयीच्या २००७ च्या कायद्यात अशी एक वाट होती, आणि २०१७ साली ती अधिक रुंद करण्यात आली. कायदेशीर मार्गाने देशात शिरलेला मनुष्य तेथे काम मिळवून सामाजिक सुरक्षा निधीत वर्गणी भरू लागला, की तेथूनच वास्तव्यासाठी अर्ज करू शकत असे. भारत, नेपाळ, बांगलादेश या देशांतील हजारो लोक याच वाटेने गेले. तथापि ३ जून २०२४ रोजी तेथील सरकारने ही वाट बंद केल्याचे जाहीर केले. त्यापूर्वी अर्ज दाखल केलेल्यांचे अर्ज ग्राह्य राहिले. नव्यांस प्रवेश उरला नाही. प्रलंबित प्रकरणे चार लाखांच्या घरात गेली असल्याचे त्यावेळी सरकारनेच सांगितले होते.

कॅनडातही असेच घडले. ऑगस्ट २०२० मध्ये, महासाथीच्या काळात, तेथे असलेल्या पाहुण्यांना देश न सोडता कामाच्या परवान्यासाठी अर्ज करण्याची तात्पुरती सवलत देण्यात आली. ती फेब्रुवारी २०२५ पर्यंत चालावयाची होती. परंतु २८ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे मुदतीच्या सहा महिने आधीच, ती मागे घेण्यात आली. सवलत देणारे सरकार ती एका दिवसात काढूनही घेऊ शकते. आपले नातेवाईक ज्या दाराने आत गेले त्याचे वर्णन ते प्रामाणिकपणे करतात. पण ते दार आज उघडे आहे किंवा नाही हे त्यांना ठाऊक असतेच असे नाही.

आता अशा रीतीने सहकुटुंब गेलेल्या घराची स्थिती पाहा. ९० दिवस सरतात. बाप कोठेतरी करारपत्राविना काम धरतो. मालकाने मजुरी बुडविली तर तक्रार करण्यास तो भितो. मुलाला शाळेत घेतात, तो वर्षभरात तेथील भाषा बोलू लागतो, आणि आईबापांना वाटते की आपले पाय रोवले गेले. परंतु मुलाच्या शाळाप्रवेशाने आईला वास्तव्याचा हक्क मिळत नाही. गावी आजी अंथरुणास खिळली तर जावे की न जावे, हा प्रश्न उभा राहतो. कारण एकदा बाहेर पडले की परत येता येईल याची शाश्वती नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांच्या सीमेवर पाहुण्यांचे बोटांचे ठसे व चेहरा टिपून येण्याजाण्याची नोंद यंत्राने ठेवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. मुदतीपेक्षा अधिक राहिलेले दिवस आता सहज उघडकीस येतात, आणि पुढचा व्हिसा नाकारला जाण्यास तेवढे कारण पुरेसे ठरते.

आपल्या सीमाभागातील पुष्कळ तरुण आखाताकडे जातात. तेथील रीत थोडी निराळी आहे. संयुक्त अरब अमिरातीत पाहुणा म्हणून गेलेल्याला नोकरी मिळाल्यास मालक त्याच्यासाठी रीतसर परवाना काढू शकतो. मात्र परवाना हाती येईपर्यंत काम करणे गुन्हा ठरतो, आणि मुदत संपल्यावर दररोज ५० दिरहम दंड चढतो. पत्नी व मुलांना तेथे बोलावण्यासाठी ४,००० दिरहम मासिक वेतन, किंवा ३,००० दिरहम आणि राहण्याची सोय असावी लागते. ज्याचे वेतन याहून कमी, त्याने कुटुंबास पाहुणे म्हणून नेऊन तेथेच ठेवण्याचा बेत करू नये. शिवाय आपल्याकडील १९८३ चा उत्प्रवासन कायदाही आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पारपत्रावर सामान्यतः तशी नोंद असते, आणि अशा व्यक्तीस अमिरातीसह १८ देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी सरकारी संमती घ्यावी लागते. "पर्यटक म्हणून जा, संमतीची गरज नाही," असे सांगणारा दलाल आपल्या हातातील संरक्षणच काढून घेत असतो. सरकारकडे नोंदलेल्या दलालास कामगाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील कर याहून अधिक घेण्याचा अधिकार नाही, हेही लक्षात असू द्यावे.

तर मग पर्यटक व्हिसा निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. पाहणीसाठी तो उत्तम होय. नवराबायकोने, किंवा दोघांपैकी एकाने, जाऊन यावे. नातेवाइकाच्या घरी चार दिवस पाहुणचार घेऊन देश कळत नाही. घरभाडे किती, आगाऊ रक्कम किती महिन्यांची, आपल्या हातच्या कामाला तेथे मागणी आहे काय, मुलांची शाळा कोणत्या भाषेत, आजारपणात दवाखान्यात किती थांबावे लागते, हे विचारून वहीत टिपून घ्यावे. शक्य तर हिवाळ्यात जावे. मग मुदतीच्या आत परत यावे आणि घरी बसून जमाखर्च मांडावा. तोवर शेत विकू नये, आणि दागिने गहाण टाकू नयेत.

निर्णय झाल्यास ज्याला काम मिळाले आहे त्याने वास्तव्याचा व्हिसा येथूनच काढून प्रथम जावे व मागाहून कुटुंब न्यावे. येथे माझे मन जड होते, हे मी लपवीत नाही. पोर्तुगालने ऑक्टोबर २०२५ मध्ये नियम आणखी कडक केले असून, कुटुंबास बोलावण्यापूर्वी सामान्यतः दोन वर्षांचे वैध वास्तव्य आवश्यक धरले आहे. लहान मुले असलेल्यांसाठी काही अपवाद आहेत. एकट्या बाईने घर, शेत आणि मुले सांभाळणे म्हणजे काय, हे मी रोज पाहतो. तरीही हा विरह मुदतीचा असतो, आणि त्याचा शेवट दिनदर्शिकेवर दाखविता येतो. कागदाविना एकत्र राहण्याला अशी मुदत नसते, आणि एक दिवस चौकशी झाली की तेच कुटुंब नाइलाजाने दुभंगते.

कागदपत्रांविषयी दोन शब्द. आपल्याकडे बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत जुझे, शाळेच्या दाखल्यावर जोसेफ आणि पारपत्रावर तिसरेच स्पेलिंग, असे घडते. ही विसंगती येथेच दुरुस्त करून घ्यावी. जन्म व विवाहाच्या दाखल्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का येथूनच मिळतो. तेथे गेल्यावर त्यासाठी वर्षे जातात.

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकते, हा निराळा विषय आहे. तो मार्ग कायदेशीर आहे; मात्र ते नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते. आणि २०२० अखेर ब्रिटनने युरोपीय संघाबरोबरची मुक्त ये-जा थांबविल्यामुळे, त्या पारपत्रावर इंग्लंडात जाऊन स्थायिक होण्याची सोयही आता राहिलेली नाही.

पोप पायस बारावे यांनी १ ऑगस्ट १९५२ रोजी स्थलांतरितांविषयी लिहिताना इजिप्तला गेलेले नाझरेथचे पवित्र कुटुंब सर्व परागंदा कुटुंबांचा आदर्श म्हणून पुढे ठेवले. संत योसेफ रात्रीच निघाले, कारण बाळाच्या जिवावर बेतले होते. आपल्यापैकी बहुतेकांवर तशी वेळ नाही. देवाने आपणांस विचार करण्यास अवधी दिला आहे, तो मुलांच्या हितासाठी वापरावा.

आणि ज्यांचे आप्त आधीच परदेशी कागदाविना अडकले आहेत, त्यांनी ते लाजेने लपवू नये. त्यांची सारी कागदपत्रे घेऊन धर्मगुरूंना भेटावे. त्या आप्तांनीही तेथील भारतीय वकिलातीशी आणि जवळच्या चर्चशी संपर्क साधावा. दलालाला आणखी पैसे पाठविण्याआधी एवढे अवश्य करावे.

आपला,
धर्मगुरू