ट्रकमधली झोप

पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूर शहराच्या कडेने जातो. उन्हाळ्यात रात्री अकराच्या सुमारास शिरोलीपासून कागलपर्यंत या रस्त्याने गेलात, तर कडेला उभे असलेले ट्रक तुम्हांला दिसतील. दिवे विझलेले, काचा चढवलेल्या. ट्रक रिकामे आहेत असे आपल्याला वाटते. पण आत ड्रायव्हर आणि क्लीनर झोपलेले असतात, किंवा झोपण्याचा प्रयत्न करीत असतात. तुमच्यापैकी कुणाचे अब्बा, कुणाचे मामू किंवा थोरले भाऊ हेच काम करीत असतील. मे महिन्यात ट्रकमध्ये किती तास झोप लागते, हे त्यांना एकदा विचारा.

ट्रकची केबिन म्हणजे पत्र्याची खोली. दिवसभर ती उन्हात तापते. अनेक ट्रकमध्ये इंजिन केबिनच्या अगदी खाली असते, त्यामुळे गाडी थांबल्यावरही बराच वेळ खालून धग येत राहते. माणसांच्या अंगाची उष्णता आणि श्वासाचा दमटपणा यांत आणखी भर घालतो. आता बाहेरची हवा पाहा. एप्रिल-मे महिन्यात कोल्हापूरला दिवसा पारा ३७-३८ अंशांपर्यंत चढतो, पण पहाटे तो बहुधा २२-२३ अंशांपर्यंत उतरतो. संध्याकाळनंतर पश्चिमेचा वाराही सुटतो. म्हणजे गारवा काचेच्या पलीकडे हजर असतो. मग ड्रायव्हर काच खाली का करीत नाही? खिशात भाड्याचे पैसे असतात, गाडीची कागदपत्रे असतात, टाकीत डिझेल असते, मागे दुसऱ्याचा माल असतो. अंधारात, अनोळखी जागी काच उघडी टाकून कोण निश्चिंत झोपेल? शिवाय डास आहेतच.

म्हणून माझे मत असे आहे की ट्रकमधल्या उकाड्याचा प्रश्न आपल्या भागात यंत्राचा कमी आणि जागेचा जास्त आहे.

यावर कुणी म्हणेल, आता ट्रकमध्ये एसी आले आहेत. खरे आहे. मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनमध्ये एसी असलाच पाहिजे, असा नियम केंद्र सरकारने २०२३ साली केला आणि तो २०२५ पासून तयार होणाऱ्या नव्या गाड्यांना लागू झाला. नियम चांगला आहे. भर दुपारी गाडी चालवणाऱ्याला त्याचा मोठा आधार आहे. परंतु दोन गोष्टी विसरू नका. जुने ट्रक अजून कित्येक वर्षे रस्त्यावर राहणार आहेत. आणि ट्रकचा एसी साधारणपणे इंजिनावर चालतो. इंजिन बंद केले की एसीही बंद. रात्रभर इंजिन चालू ठेवले तर तासाला लिटर-दोन लिटर डिझेल जळते. ते मालकाला परवडत नाही, आणि बंद जागेत किंवा गळक्या नळीतून धूर केबिनमध्ये शिरला तर झोपलेला माणूस पुन्हा उठणारही नाही. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.

एसी येण्याआधी माणसे काय करीत होती? जुने ड्रायव्हर ट्रकच्या पुढे कॅनव्हासची पाण्याची पिशवी टांगत. तिला उर्दूत छागल म्हणतात, मराठीतही हाच शब्द आहे. कापडातून पाझरणारे पाणी वाऱ्याने उडून जाते आणि आतले पाणी गार होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. (विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही ५४० हा आकडा वाचला असेल, तो उकळत्या पाण्यासाठी आहे.) उर्दूत ज्याला खस म्हणतात त्या वाळ्याचे ओले पडदे याच तत्त्वावर खोली गार करतात. सूर्य मावळल्यावर केबिनच्या टपावर ओले गोणपाट टाकले, तर तापलेला पत्रा लवकर निवतो. मात्र ही युक्ती सगळीकडे चालत नाही. हाच ट्रक आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेला, की हवेत आधीच एवढा दमटपणा असतो की गोणपाट वाळतच नाही, आणि जे वाळत नाही ते गारही करत नाही. तिथे फक्त वारा उपयोगी पडतो.

वाऱ्याचेही शास्त्र आहे. इराणमधल्या यझ्द शहरात घरांवर उंच मनोरे असतात. त्यांना बादगीर म्हणतात. बाद म्हणजे वारा आणि गीर म्हणजे पकडणारा, हे उर्दू शिकणाऱ्या मुलांना सांगायला नकोच. वरचा वारा पकडून तो घरात उतरवायचा आणि गरम हवेला बाहेर जायला दुसरी वाट ठेवायची, एवढेच त्यांचे काम. ट्रकलाही दोन वाटा हव्यात. एकच काच खाली केली तर हवा फारशी खेळत नाही. दोन्ही बाजूंच्या काचा उघड्या हव्यात. कोल्हापुरात वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा गाडीचे तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला करून उभी केली, तर तो एका खिडकीतून शिरून दुसरीतून निघतो. खिडक्यांना डासांची जाळी बसवायला फार खर्च येत नाही. छोटा पंखाही लावता येतो. १५ वॅटचा पंखा आठ तास चालला, तर १२० वॅट-तास वीज लागते. २४ व्होल्टच्या बॅटरीतून ती अवघी पाच अँपिअर-तास होते. ट्रकच्या चांगल्या बॅटरीला याचे ओझे वाटत नाही. पंखा हवा गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो; झोप यायला तेवढेही पुष्कळ असते.

काही जण गारव्यासाठी ट्रकच्या खाली पथारी पसरतात. हे कुणीही करू नये, आणि आपल्या घरातल्या माणसाला तर करूच देऊ नये. पहाटे घाईत गाडी सुरू करणाऱ्याला खाली कोण आहे हे दिसत नाही.

‘ड्रायव्हर लोकांना सवय असते,’ असे आपण सहज बोलून जातो. हे बोलणे मला पटत नाही. झोप लागताना शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते, आणि भोवती उकाडा असेल तर ते नीट उतरत नाही. ड्रायव्हरचे शरीर काही वेगळ्या मातीचे नसते. रात्रभर कूस बदलत राहिलेला माणूस पहाटे चार वाजता दहा-पंधरा टन साखर किंवा गूळ घेऊन निघतो. त्याच रस्त्यावर एसटी असते, दूधवाला असतो, तुमच्या सहलीची बस असते.

संसदेने १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी जो कायदा केला, त्यात कामगारांना रात्री मुक्काम करावा लागेल त्या ठिकाणी मालकाने विश्रांतीची खोली किंवा दुसरी योग्य सोय करावी आणि तिथे पुरेसा उजेड व खेळती हवा असावी, असे लिहिले होते. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांना तो लागू होता. एक-दोन ट्रकच्या मालकाला असा विश्रांतीचा बंगला बांधणे जमणार नाही, हे मी समजू शकतो. पण कोल्हापूरचा गूळ गुजरातला पोचवायचा, साखर बंदरावर न्यायची, तर हे ट्रक इथे थांबणारच. ज्यांचा माल जातो त्या व्यापाऱ्यांनी, कारखान्यांनी आणि बाजार समितीने मिळून महामार्गाजवळ एक आवार करावे. चार मोठी झाडे, एक नळ, संडास, रात्रभर दिवा आणि पगारी पहारेकरी. पहारेकऱ्याचा पगार ट्रकमागे थोडी पावती फाडून निघेल, आणि ड्रायव्हर काच खाली करून झोपेल.